चौसष्टावा श्वास

"मग सोमवारपासून मी कामावर रुजू होऊ ना, भंते?"

डॉ. हेमंत रामटेके यांनी हा प्रश्न तिसऱ्यांदा विचारला. लेण्याच्या ओसरीत, उन्हाच्या पट्ट्यात बसून वृद्ध भंते रेवत आपल्या चीवराचा फाटका काठ शिवत होते. उत्तर देण्याऐवजी त्यांनी सुईत दोरा ओवला.

डॉक्टरांनी मोठा लिफाफा उघडला.

"हे माझ्या मेंदूचे आलेख. हा दोन वर्षांपूर्वीचा, हा परवाचा. पूर्वी माझे लक्ष मिनिटभर टिकत नव्हते. आता चाळीस मिनिटांच्या चाचणीत ते एकदाही ढळले नाही. ध्यानाचा असा परिणाम तपासणाऱ्या बाईंनीसुद्धा क्वचितच पाहिला आहे."

भंतेंनी कागद उन्हात धरला.

"छान आहे. तुमच्यापेक्षा पुष्कळ शांत दिसतो."

डॉक्टर कसेनुसे हसले.

ते भूलतज्ज्ञ होते. शस्त्रक्रिया चालू असताना निजवलेल्या माणसाचा श्वास राखणे, हे त्यांचे काम. दोन वर्षांपूर्वी एका सकाळी त्यांचे डोळे यंत्राच्या पडद्यावर होते आणि मन मात्र नव्या घराच्या फरशीचा रंग निवडत होते. तेवढ्या अवधीत प्रमिला शेंडे नावाच्या, शिवणकाम करून घर चालवणाऱ्या बाईंचा श्वास थांबला. त्या पुन्हा जाग्या झाल्या नाहीत.

तेव्हापासून काम थांबवून ते भंतेंकडे ध्यान शिकत होते; पण भंतेंना त्यांनी एवढेच सांगितले होते, की कामात एक चूक झाली. कोणती चूक आणि कोणाच्या बाबतीत, हे त्यांनी या डोंगरावर कधीही उच्चारले नव्हते.

"आतल्या खोलीत बसा," भंते म्हणाले. "शंभर श्वास मोजा. मग विचारा."

"शंभरच?"

"जमले तर."

खोली दगडात कोरलेली होती. तिला खिडकी नव्हती. दाराकडे पाठ करून डॉक्टर बसले, डोळे मिटले आणि मोजू लागले.

विसाव्या श्वासाच्या सुमारास मागे कोणीतरी येऊन टेकले. तोही श्वास त्यांना स्पष्ट ऐकू येऊ लागला... उथळ, एकसारखा, गाढ निजलेल्या माणसाचा. भंतेंना डुलकी लागली, असे वाटून डॉक्टरांना मनातून थोडे बरेही वाटले.

चाळीस. पन्नास. दोन्ही श्वास एका लयीत चालले होते.

त्रेसष्ट.

मागचा श्वास आला नाही.

डॉक्टर थांबले. त्यांनी स्वतःचा श्वासही रोखून धरला... काही नाही.

विचार करण्यापूर्वीच त्यांचा हात मागे गेला. श्वास अडलेल्या माणसाची हनुवटी वर उचलण्याची त्या हाताची जुनी सवय होती. बोटांना काहीतरी गार, मऊ लागले.

पुढच्या क्षणी ते बाहेर उन्हात उभे होते.

भंते मघाच्याच जागी बसले होते. काठ बराचसा शिवून झाला होता.

"कितीपर्यंत आलात?"

"त्रेसष्ट..." डॉक्टरांना धाप लागली होती. "तुम्ही बाहेर केव्हा आलात?"

"मी आत आलोच कुठे? ही शिवण काही मला सोडत नाही."

डॉक्टरांनी बोटे सदऱ्याला पुसली. गारवा गेला नाही.

"माझ्या मागे कोणीतरी श्वास घेत होते, भंते. तो थांबला."

"मग?"

"मी हात मागे नेला..."

"मग?"

"उठून आलो."

सुई क्षणभर थबकली.

"पुन्हा सुरू झाला?"

डॉक्टरांनी वळून दाराकडे पाहिले. उंबरठ्यापर्यंत ऊन होते. त्यापलीकडचे काहीच दिसत नव्हते.

"ते... मी पाहिले नाही."

भंतेंनी आलेखांची नीट घडी घातली, लिफाफ्यात ठेवली आणि लिफाफा डॉक्टरांच्या हाती दिला. मग दातांनी दोरा तोडला.

"तर मग आत जा, डॉक्टर. ती अजून जागी झालेली नाही."