टेलचं रान आणि शहाऐंशी सिग्नल

"पण आप्पा, पाटाचं दार तर मी बरोबर वेळेला उघडलं होतं. मग टेलला पाणी का पोचलं नाही?"

श्रीरंग अहिरराव हे विचारत होता घोटाभर चिखलात उभा राहून. हातात फावडं, अंगात इस्त्रीचा शर्ट.

धुडकू आप्पा बांधावर बसून तंबाखू मळत होते.

"वेळ कुणाची?"

"घड्याळाची."

"हं..."

आप्पा गावाचे पाटकरी. बंधाऱ्याचं पाणी पाटात सोडायचं आणि ज्याची पाळी असेल त्याच्या शेताला लावायचं, पार टेलपर्यंत, म्हणजे पाटाच्या शेवटच्या रानापर्यंत, हे काम ते चाळीस वर्षं करत होते. एवढ्या वर्षांत पाण्यावरून गावात कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

श्रीरंग महापालिकेचा इंजिनिअर. शहरातले शहाऐंशी सिग्नल एका खोलीत बसून चालवायचे, ही योजना त्याची. हुशारीबद्दल त्याच्या स्वतःच्याही मनात शंका नव्हती.

चाचणीत मोठा रस्ता झकास पळाला. शहराच्या टोकाला, गिरणी वसाहतीच्या चौकात मात्र लोक लाल दिव्यापुढे ताटकळत राहिले. सहाव्या दिवशी त्यांनी सिग्नलचा खांबच आडवा केला.

महापालिकेची समिती म्हणाली, तो एक चौक वगळा आणि मोकळे व्हा.

श्रीरंगनं साफ सांगितलं, वगळणार नाही. सोमवारी नवा आराखडा आणतो.

त्याचे थोरले साहेब उमेदवारीत पाटबंधारे खात्यात होते. ते म्हणाले, "आधी चार दिवस धुडकू आप्पांच्या हाताखाली काढ. मग सही मागायला ये."

श्रीरंग मनातून चरफडला. पण गडी हट्टाचा. आलोच आहे तर उत्तर घेतल्याशिवाय हलायचं नाही, असं त्यानं ठरवलं. आज चौथा दिवस होता.

"माझ्या खोलीतून सगळे चौक दिसतात, आप्पा. पडद्यावर."

"वसाहतीचा?"

"तोही. गाड्या तुंबल्या की लाल ठिपका येतो."

आप्पांनी तंबाखू दाढेखाली सरकवली.

"ठिपक्याला ऊन लागतं का हो, भाऊ?"

आप्पा उठले आणि पाटाच्या कडेनं खाली चालू लागले. श्रीरंग फावडं घेऊन मागे.

एका वळणावर खेकड्यानं बीळ केलं होतं. पाणी गुपचूप ओढ्यात चाललं होतं. आप्पांनी बोट दाखवलं, श्रीरंगनं चिखलाचा गोळा दाबला. पुढे गवताचा बुचका अडकलेला, तो काढला. त्याच्यापुढे कुणीतरी म्हशी उतरवून पाटाचा काठ ढासळवला होता. तिथे दोघांनाही घाम फुटला.

"हे तुम्हाला वरून कसं कळलं?"

"वरून नाही कळत."

पाट संपला तिथे कांद्याचं एक रान होतं. पातीचे शेंडे पिवळे पडलेले, माती भेगाळलेली.

"कोणाचं हो हे? बिचारा."

"माझं."

श्रीरंगनं फावडं खाली ठेवलं.

"पाण्याचं दार तुमच्या हातात, आणि तुमचंच रान शेवटी?"

"गाव पाटकरी निवडतं तो टेलचाच. माझा बाप टेलचाच होता. त्याच्या आधीचा सुपडू, तोही."

"का पण?"

आप्पांनी वाकून कोरड्या सरीतली मूठभर माती उचलली, श्रीरंगच्या तळहातावर ठेवली आणि त्याची मूठ आपल्या हातानं मिटली.

माती तापलेली होती. टोचत होती.

...

बऱ्याच वेळानं पाणी आलं. आधी नुसती ओल, मग बोटभर धार. श्रीरंग तिच्याकडे पोटच्या पोराकडे बघावं तसा बघत होता. त्याला आनंद झाला, आणि लगेच लाजही वाटली. गिरणी वसाहतीच्या चौकात तो आजवर एकदाही थांबला नव्हता.

"तुमचं घर कुठं, भाऊ?"

"मोठ्या रस्त्याला. महापालिकेपासून पाच मिनिटं."

"वाटेत लाल दिवा?"

"...लागत नाही."

आप्पा हसले नाहीत. ते सरीत पाणी फिरवत राहिले.

श्रीरंगनं फोन काढला. हाताची माती फोनला लागली, त्यानं ती पुसलीही नाही.

"साहेब, श्रीरंग बोलतोय. सोमवारी आराखडा येतोय. शहाऐंशीच्या शहाऐंशी चौकांचा. एकही वगळणार नाही. फक्त कंट्रोल रूम महापालिकेच्या चौथ्या मजल्यावर नको."

पलीकडून साहेबांनी काहीतरी विचारलं.

"जागा? सांगतो. आत्ताच सांगतो."

त्यानं फोन छातीशी धरला.

"आप्पा, तुम्ही शहर पाहिलेलं नाही. तरी सांगा. शहाऐंशी सिग्नल चालवायची ती खोली मी बांधू कुठे?"

आप्पांनी पुढच्या सरीचं तोंड फोडलं, पाणी आत शिरेपर्यंत थांबले, आणि मग मान वर केली.

"जिथून तुम्हाला बी घरी पोचायला उशीर होईल, तिथं."