मळलीस तर बघ!

फार फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा म्हशी बोलत असत आणि माणसं त्यांचं ऐकून घेत असत.

एका गावात एक पाटलीण राहत होती. मनाने लोण्यासारखी मऊ, पण तिला मळण्याचं भारी भय. चिखलाचा एक थेंब लुगड्यावर उडाला, की तिच्या काळजाचं पाणी व्हायचं. मग हात धुवायची, पुन्हा धुवायची. हाताची सालं निघायची, तरी समाधान नाही. कणीक मळायला स्वयंपाकीणबाई, तुळशीला माती घालायला माळीण. गावातले टवाळ म्हणत, "पाटलीणबाईंच्या अंगणात धूळसुद्धा विचारून येते!"

हसणाऱ्यांचं काय जातं? दुःख होतं ते घरात. पाटलिणीची लहानगी लेक सगुणा. खेळून आली, की उंबऱ्याबाहेर थांबायची. दोन्ही हात पुढे करून आधी तळवे दाखवायची, मग हात उलटे करायची. आईने मान हलवली, तरच कुशीत शिरायची. हात मळलेले असले, तर आपली आपणच मागे वळायची. तेव्हा तिला हाक मारून जवळ घ्यावं, असं पाटलिणीला वाटायचं. पण पाऊल काही पुढे पडत नसे.

एकदा दारची म्हैस तळ्यात यथेच्छ लोळून परत आली. तिला पाहताच पाटलीण भिंतीला चिकटली.

"बाई, एवढं भिता कशाला?" म्हशीने विचारलं.

"मळले तर?"

"मळलात, तर काय होईल?"

पाटलीण सांगायला गेली, तर पुढचं तिला ठाऊकच नव्हतं. बराच विचार करून ती म्हणाली, "लहानपणी आई नवा परकर नेसवायची, आणि बोट नाचवून म्हणायची, 'मळलीस तर बघ!'"

"मग? बघितलंत?"

"काय बघायचं?"

"अहो, आईने 'बघ' म्हटलं होतं ना? एकदा तरी मळून बघितलंत का?"

"छे गं बाई! कधीच नाही."

"म्हणजे जे कधी बघितलंच नाही, त्याला जन्मभर भिताय," म्हैस म्हणाली आणि रवंथ करू लागली.

पाटलिणीला राग आला, थोडं हसूही आलं. आपल्या भयाला पुढे-मागे काही नाही, हे तिला कळलं. पण कळलं म्हणून ते लगेच जातं थोडंच? आत जाऊन तिने हात धुतलेच.

पुढे उन्हाळा तापला. तळं आटून नुसता गाळ उरला. एके दिवशी सगळा गाव शेजारच्या जत्रेला गेला होता. पाटलीण अर्थातच घरी होती, कारण जत्रेत धूळ. एवढ्यात तळ्याकडून हाक आली, "आई!"

पाटलीण धावत काठावर आली. गाळात राहिलेलं एक कमळ काढायला सगुणा उतरली होती आणि कमरेपर्यंत रुतली होती. हलली, की आणखी खाली जायची. म्हैस काठावर तळमळत होती.

"मी आत आले तर गाळ ढवळेल, पोर आणखी रुतेल," ती म्हणाली. "बाई, तुम्हालाच जायला हवं!"

पाटलिणीने काठावरूनच हात लांब केला. तो काही पोचेना. आणि सगुणाने काय करावं? तिने आपले हात पाठीमागे लपवले.

"नको गं आई," ती रडत म्हणाली, "माझे हात मळलेत."

ते शब्द पाटलिणीच्या काळजात घुसले. आपलं भय आपल्या लेकराच्या गळ्याशी आलं आहे, हे तिला लख्ख दिसलं. तिने अंगावरचा पांढराशुभ्र शेला काढला, त्याचं एक टोक म्हशीच्या शिंगाला बांधलं, दुसरं मुठीत धरलं.

"मळले तर मळले!" ती ओरडली, आणि तिने गाळात अंग झोकून दिलं.

पालथी सरपटत ती लेकीपाशी पोचली. एका हाताने तिला घट्ट कवटाळलं. "ओढ गं!" म्हशीने मान खाली घालून असा हिसडा दिला, की मायलेकी दोघी काठावर येऊन पडल्या.

नखशिखांत चिखल. केसांत चिखल, कानात चिखल. पाटलीण वर बघत पडून राहिली. आभाळ जागच्या जागी होतं. धरणी दुभंगली नव्हती. आणि लेक कुशीत होती, हात न दाखवता.

"बघितलंत?" म्हशीने विचारलं.

"बघितलं गं, बघितलं!" पाटलीण म्हणाली आणि इतकी हसली, की जत्रेहून परतणारा गाव तळ्याकाठी थबकला. मग मायलेकींनी विहिरीवर जाऊन अंगावर घागरभर पाणी ओतलं, आणि चिखल आला तसा गेला.

दुसऱ्या दिवशी सगुणा खेळून आली. सवयीने उंबऱ्याबाहेर थांबली, हात पुढे केले. मातीने भरलेले. आतून पाटलिणीनेही आपले हात पुढे केले. कोपरापर्यंत कणकेने मळलेले! आज कणीक तिने स्वतः मळली होती.

"माझे बघ आधी," ती म्हणाली, आणि उंबरा ओलांडून तिने लेकीला उचलून घेतलं.

तात्पर्य: अंगावरचा मळ पाण्याने जातो, मनातलं भय मात्र त्यात उडी घेतल्यावरच जातं.