घोटलेलं तळं

“मग आता अनुग्रह देणार ना, बुवा?”

धोंगडे साहेबांनी हे विचारलं, तेव्हा केरूबुवा तळ्याच्या काठावर बसून आत बघत होते. मी पलीकडे पावटे सोलत होतो. मठीचा स्वयंपाक माझ्याकडे असतो.

धोंगडे म्हणजे बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर. दोन महिन्यांपूर्वी अनुग्रह मागायला आले. बुवा म्हणाले होते, “आधी अंगणात मुक्या जिवांना पाण्याची सोय कर. मग बघू.”

माणूस हुशार, त्यात वाद नाही. खड्डा खणला, प्लास्टिक अंथरलं, सिमेंट, वाळू आणि नारळाचा भुसा कालवून हाताने थापलं. हातमोजे तिसऱ्या दिवशी फाटले, तरी गडी थांबला नाही. तळं अगदी जुन्या दगडातलं दिसायला लागलं.

पण साहेबांना ते खडबडीतपण काही सहन होईना. आतून सिमेंटचा हात देऊन असं घोटलं, की त्यात तोंड दिसावं.

“एकवीस दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवलं,” धोंगडे सांगत होते. “सात वेळा पाणी भरून उपसलं, चुन्याचा उग्रपणा जावा म्हणून. परवा गप्पी मासे सोडले, एकही मेला नाही. थेंबभर गळत नाही. काही चुकलं असेल तर दाखवा.”

“नाही चुकलं.”

“मग?”

बुवांनी बोट दाखवलं.

पाण्यात एक सरडा होता. प्यायला आला असणार आणि पडला. भिंतीवर दोन बोटं चढायचा, की सर्रकन खाली.

“सरडाच आहे तो,” धोंगडे म्हणाले.

“हो.”

“मी अनुग्रहाचं विचारत होतो, बुवा.”

“ऐकलं.”

बुवांनी आपली काठी तिरकी करून पाण्यात सोडली. बुवांना चौऱ्याऐंशी पूर्ण झालेली. त्या काठीवाचून त्यांना उठता येत नाही.

सरडा काठीला बिलगला. अर्ध्यात थांबला. पोट नुसतं धपापत होतं. मी तर बाबा पावटे विसरलो.

मग तो वर आला आणि मेंदीच्या कुंपणात शिरला.

धोंगडे खाली बसले. घोटलेल्या भिंतीवरून त्यांनी हात फिरवला, बराच वेळ. चेहरा पार उतरला. एरवी त्यांच्या फुशारकीचा मला राग यायचा, पण तेव्हा खरंच वाईट वाटलं.

“फोडून टाकू का सगळं?”

“कशाला? छिन्नी घे. टाचे मारून खडबडीत कर.”

“आणि अनुग्रह…?”

“काठी राहू दे तिथंच. तोवर आणखी कुणी पडेल. मला उठव.”

धोंगड्यांनी वाकून हात पुढे केला. तळव्याला सिमेंटच्या भेगा, बोटांना घट्टे. बुवांनी तो दोन्ही हातांनी धरला आणि उठले. उठल्यावरही सोडला नाही. उलटा करून बघितला.

“पहिल्या दिवशी पायरीवर असाच हात दिला होतास,” बुवा म्हणाले. “निसटला होता… आता धरता येतो.”