नाव कुठं घेतलं?

नदीवर अजून पूल नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. पुरात टिटवीचं पिल्लू वाहून गेलं होतं. रोज तिन्हीसांजेला ती पैलतीराकडे बघून हळूच एक हाक घालायची. ती हाक फक्त त्या मायलेकींची होती. पुराआधी लेकही तिला त्याच हाकेनं ओ द्यायची.

साळुंकी पाखरांच्या दुःखाचा अभ्यास करत होती. ती म्हणाली, "टिटवीताई, मला एकदा ऐकव ना. तुझं नाव कुणालाही सांगणार नाही." टिटवीनं विश्वासानं ऐकवली.

पाखरांच्या सभेत साळुंकीनं ती हाक हुबेहूब काढली. सगळ्या माना टिटवीकडे वळल्या. पुढे साळुंकीची पोरंही खेळता खेळता तीच हाक घालू लागली.

"अगं, मी तुझं नाव कुठं घेतलं?" साळुंकी म्हणाली.

"नाव नाही घेतलंस, बाई. हाक घेतलीस."

एका तिन्हीसांजेला पैलतीरावरून तीच हाक आली. टिटवीचा जीव खालीवर झाला. मग तिला वाटलं, साळुंकीचीच पोरं असणार. तिनं पंखात मान खुपसली.

पैलतीरावर तिची मोठी झालेली लेक, ओ कुठून येते ते ऐकत उभी होती.