सगुणा कासारणीचा अर्धा चुडा

"पैसे परत घेऊन जा, सगुणा! मी ते घेणार नाही!"

रंगोशेट सावकाराच्या तोंडून हे शब्द ऐकले, तेव्हा सगुणा कासारीण खोकायचीच थांबली. घेतलेले पैसे न देणारे लोक तिने पुष्कळ पाहिले होते. दिलेले पैसे न घेणारा सावकार मात्र हा पहिलाच!

गोष्ट अशी होती. चार वर्षांपूर्वी सगुणाचा दमा बळावला, तेव्हा औषधपाण्यासाठी तिने चौकातलं आपलं घर दहा वर्षांच्या मुदतीने रंगोशेटकडे गहाण ठेवलं. दमा काही गेला नाही. चार दिवस बरे, दोन दिवस वाईट, असं चालायचं. बऱ्या दिवसांत ती पहाटेपासून बांगड्या भरायची, वाईट दिवसांत उशीला टेकून पुढचे बेत करायची. नवरा गावोगावच्या जत्रांत बांगड्या विकून यायचा. असं करत दोघांनी सगळं मुद्दल सहा वर्षं आधीच जमवलं.

"गहाणाच्या कागदात काय लिहिलंय? मुदतीआधी पैसे फेडायचे तर फेडणारा धडधाकट हवा. आजारी माणसाच्या हातचा पैसा मुदतीआधी घ्यायचा नाही. तुझ्याच काळजीपोटी लिहिलंय, बाई! औषधाला लागतील ते पैसे."

"आणि दर दिवाळीला व्याज घेता, ते कुणाच्या हातचं?"

"ते मुदतीत येतं! आधी दमा घालव, मग कर्ज फेड."

शेटजींची काळजी कशाची होती, ते सगळ्या सोनवडीला ठाऊक होतं. सहा वर्षांचं व्याज मिळेल आणि मध्येच बाई आटोपली तर चौकातलं घरही! सगुणाही काही भोळी नव्हती. ती तडक राजे खंबीररावांच्या दरबारात गेली. तीनदा पायरीवर बसली, पण गेली.

"महाराज, खोकायचंच आहे, तर स्वतःच्या छपराखाली खोकू द्या!"

राजे खंबीरराव मनाचे चांगले, पण हट्टाला पेटले की खांबाने हलावं, राजांनी नाही! त्यांनी कागद वाचला. "अंगठा तुझाच ना? मग कागद म्हणजे कागद. पण एक करतो. रंगोशेटने स्वतःच्या तोंडाने, माझ्यादेखत म्हणावं की आजारी हात चालतो आणि मुदतीआधीही चालतो. तसं म्हटलं, तर त्याच दिवशी तुझं घर मोकळं. नाही तर गुमान व्याज भर."

रंगोशेट शेजारीच उभे होते. त्यांना हसू आवरेना. "मी म्हणू? मला काय वेड लागलंय?"

"बरं," सगुणा म्हणाली आणि दम खात घरी गेली.

पुढच्याच महिन्यात रंगोशेटच्या लाडक्या लेकीचं, कावेरीचं लग्न निघालं. मांडव पडला, राजे पाहुणे म्हणून आले. आता सोनवडीची रीत अशी, की हिरवा चुडा भरल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही, आणि एका कासाराने भरायला घेतलेला चुडा दुसरा कासार पुरा करत नाही. कावेरीला पाळण्यातल्या मनगट्यांपासून सगुणानेच बांगड्या भरलेल्या. तिच्याशिवाय दुसऱ्या कुणाला बोलावणार?

सगुणा आली. कावेरीचा डावा हात मऊ चोळून, एकही काकण न पिचवता तिने भरला. मग तिच्या कानात पुटपुटली, "घाबरू नकोस हं पोरी, तुला तशी नाही ठेवणार." आणि उरलेल्या बांगड्या पदरात घेऊन भिंतीला टेकून बसली.

"अगं, दुसरा हात?" शेटाणीबाई ओरडल्या.

"तो सहा वर्षांनी भरते."

"सहा वर्षांनी?"

"काय करू, वहिनी! मी पडले आजारी. शेटजींना मुदतीआधी आजारी हाताचं काही चालत नाही. माझा दमा जाऊ दे, मग बघू!"

बायकांत एकच गलका उडाला. हळदीची वेळ टळत चालली होती. व्याही मंडळी एकमेकांकडे बघू लागली. नवरी मात्र एक हात हिरवा, एक हात रिकामा घेऊन खुदूखुदू हसत होती.

रंगोशेट धोतर सावरत धावत आले. "सगुणाबाई, थट्टा पुरे! भरा तो हात!"

"आजारी हाताने?"

"हो, हो, आजारी हाताने!"

"चालतो ना तुम्हाला? नाही तर मागाहून म्हणाल, तुझ्याच काळजीपोटी थांबवलं होतं."

"चालतो, बाई, चालतो!"

"पण सहा वर्षं आधी? मुदत व्हायची आहे अजून!"

"मुदत गेली खड्ड्यात! आत्ता, या घटकेला चालतो!"

लोडाला टेकलेले राजे असे हसले, की त्यांचा फेटा घरंगळून मांडीवर आला. "शेटजी! आजारी हात चालतो, मुदतीआधीही चालतो! मी ऐकलं, व्याह्यांनी ऐकलं! आणा तो कागद!"

रंगोशेट एकदा राजांकडे, एकदा लेकीच्या रिकाम्या हाताकडे बघत राहिले. मग कागद आणवला. सगुणाने कनवटीची पुरचुंडी सोडून मुद्दल मोजून दिलं, राजांनी कागद टराटरा फाडला, आणि तिने कावेरीचा उजवा हात मनगटभर हिरवा करून टाकला. हळद वेळेत लागली.

"बाई, माग काय हवं ते!" राजे डोळे पुसत म्हणाले. "शेत? दागिना?"

"महाराज, राणीसाहेबांना बांगड्या भरायला तीन जिने चढते, तर वर पोचेस्तोवर माझा जीव कंठाशी येतो. राणीसाहेबांचे पाय तर धडधाकट आहेत. घर आता माझं आहे, ओसरी ऐसपैस आहे. त्यांनीच यावं की!"

राजे पुन्हा पोट धरून हसले, आणि पुढच्याच सोमवारी राणीसाहेबांची पालखी चौकात सगुणाच्या दारात उतरली.