कोकिळाबाईंचा बसलेला घसा

त्या राज्यात पक्षी ओरडल्याशिवाय वेळ होत नसे. घड्याळाचे काटे कुठेही असोत, वरच्या खिडकीचं दार उघडून कोकिळाबाई ‘कुक्-कू’ म्हणाल्या, की मगच अंगणातला लाकूडतोड्या उचललेली कुऱ्हाड खाली आणी, गिरणीवाली पाणी सोडी आणि जेवणारे पानावर बसत. राज्य लाकडाचं, माणसं लाकडाची, तेव्हा डोकीही त्याच मालाची. चालायचंच.

कोकिळाबाई एका तारेच्या टोकावर उभ्या असत. तार पुढे सरकली की बाई बाहेर, मागे सरकली की आत. तोंड मात्र कायम बाहेरच्या बाजूला. इतकी वर्षं त्या पदावर होत्या, पण आपल्या पाठीमागे काय आहे ते त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. उंचावर बसवलेल्यांना मान वळवायची सोय ठेवत नाहीत.

एका सकाळी दार उघडलं, बाईंनी चोच वासली आणि आवाज आला, “कुक्… फुस्स.”

लाकूडतोड्याची कुऱ्हाड वरच्या वर राहिली. “अगं, झाली का वेळ?”

“अर्धी झाली,” गिरणीवाली म्हणाली. “तू अर्धंच लाकूड फोड.”

पुढच्या हाकेलाही तेच. मग कुणी म्हणे वेळ झाली, कुणी म्हणे व्हायचीय. निम्मे जेवून उठले, निम्मे त्यांच्याकडे उपाशीपोटी डोळे वटारून बघत बसले. लाकूडतोड्या कायद्याचा माणूस. पूर्ण हाक येईपर्यंत कुऱ्हाड खाली आणायची नाही म्हणून तो तसाच उभा.

दुरुस्तीला दातेपंत आले. पंत म्हणजे राज्यातलं सगळ्यात मोठं चाक. चाकाला दात पुष्कळ असतात, त्यात अक्कलदाढ असेलच असं नाही. पंतांनी लांबूनच निदान केलं, “घसा बसलाय.” बाईंच्या चोचीत तेल सोडलं, गळ्याला ज्येष्ठमध चोळला, वरून रंगाचा एक हात दिला. बाई नव्या कोऱ्या दिसू लागल्या आणि आवाज आला, “कुक्… फुस्स.”

“मग दोष पक्ष्यातच,” पंत म्हणाले. लंबकराव इकडे आले तेव्हा ‘बाईच हव्यात’ म्हणाले, तिकडे गेले तेव्हा ‘बदलायलाच हव्यात’ म्हणाले, आणि दोन्ही वेळा अगदी मनापासून.

ज्याला घालवायचं त्याचा आधी सत्कार करायचा, ही त्या राज्याची जुनी रीत. बाईंना मऊ कातड्याची पातळ शाल पांघरली गेली. पंतांनी भाषण केलं, टाळ्या झाल्या, आणि टाळ्या संपायच्या आत बाईंना तारेवरून उतरवून भिंतीमागच्या अंधारात ठेवण्यात आलं. तारेवर छपराच्या नक्षीतला सोनेरी मोर बसवला. दुपारची हाक तो देणार होता.

अंधाराला डोळे सरावले तेव्हा बाईंना दोन भाते दिसले, लोहाराकडे असतात तसे, पण बोटाएवढे.

“कोण रे तुम्ही?”

“आम्ही भाते, बाई. मी थोरला, ‘कुक्’वाला. हा धाकटा, ‘कू’वाला. त्याची घडी फाटलीय. जीव काढून फुंकतो बिचारा, सगळा वारा कुशीतूनच जातो.”

“‘कू’ तर मी म्हणते.”

थोरला जुन्या वळणाचा होता. “बरं, बाई,” तो म्हणाला.

तो भांडला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्या ‘बरं’नंतर त्यांनी पाठ फिरवून हळूच चोच उघडली, सगळा जोर लावला. ‘कू’ राहू द्या, ‘फुस्स’सुद्धा निघालं नाही.

मग त्यांना मोर आठवला. आता दुपार होणार, तो पिसारा सावरत बाहेर जाणार, आणि त्या सोन्याच्या तोंडातून सगळ्यांदेखत फुस्स निघणार. मग त्यालाही शाल. बाईंना इतकं हसू आलं की शाल खांद्यावरून घसरली.

“बाई, जरा सरकता?” धाकटा म्हणाला. “दुपारची हाक आलीय. फुंकायचंय.”

“फाटल्यावर कशाला फुंकतोस?”

“आता काय सांगू! बाहेर कुणीतरी कुऱ्हाड वर धरून उभा असतो म्हणतात. आम्ही काय पाहिलंय त्याला?”

बाईंनी पाहिलं होतं. रोज पाहिलं होतं.

“बाहेर कोण उभं आहे ते तुम्हाला कळतं का रे?” त्यांनी विचारलं. “मी आहे की दुसरं कुणी?”

“नाही हो. तार सरकली की आम्ही फुंकतो.”

बाई घसरलेल्या शालीकडे बघत राहिल्या. उभ्या आयुष्यात मिळालेली एकच शाल. मग त्यांनी ती चोचीत धरून फाडली. भिंतीच्या लाकडाला डिंक सुटला होता, तो खरवडून धाकट्याच्या कुशीला लावला आणि वर शालीचं ठिगळ बसवलं.

तार सरकली. दार उघडलं.

“कुक्-कू!”

“ह्याला म्हणतात गळा!” बाहेर लाकूडतोड्या ओरडला. “नाहीतर ती आधीची बाई!”

“मोराला मी आधीच ज्येष्ठमध लावून ठेवला होता,” दातेपंत म्हणाले.

“कुक्-कू!”

आत डिंक अजून ओला होता. ठिगळ सुटू नये म्हणून कोकिळाबाईंनी त्यावर आपली छाती दाबून धरली होती. धाकटा फुगला की त्या वर उचलल्या जात, बसला की खाली येत. आणि प्रत्येक ‘कू’ला, भिंतीकडे तोंड करून, त्यांची चोच बरोबर उघडत होती.