इनासदादाचे पाय

एका खाडीकाठच्या गावात, मिठागरं आणि केळीच्या वाड्या यांच्या मधोमध, इनास नावाचा एक बागाईतदार राहत होता. गाव येशूला मानणारं, कष्टाळू, आणि बोलायला जरा तिखट. पण इनासचं नाव निघालं की सगळ्यांचा आवाज मऊ व्हायचा.

त्याला कारणही तसंच होतं. कुणाचं छप्पर वाऱ्याने उडालं की इनास शिडी घेऊन हजर. कुणाच्या घरी बाळंतीण अडली की त्याची बैलगाडी दारात. त्याच्या विहिरीवर कुणीही यावं, कितीही पाणी न्यावं. आणि या सगळ्याच्या बदल्यात तो काही म्हणजे काही घ्यायचा नाही. चहा नाही, पानसुपारी नाही, पाण्याचा पेलासुद्धा नाही. कुणी त्याच्या घरी एक पपई नेऊन ठेवली, तर संध्याकाळपर्यंत त्या माणसाच्या ओट्यावर दोन पपया यायच्या.

"मला काय लागतं? मी तुमचा चाकर," असं म्हणून तो चालू पडायचा. मागे उभे असलेले लोक म्हणायचे, "नम्र माणूस बघायचा असेल तर हा बघावा."

गावं अशीच असतात. देणाऱ्याचं कौतुक चारचौघांत करतात. घेणाऱ्याला घेताना कसं वाटतं, हे विचारायला त्याच्या दारात कुणी जात नाही.

त्या गावात पवित्र गुरुवारची एक जुनी रीत होती. प्रभूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण म्हणून इतर गावांत फादर काही जणांचे पाय धुतात. इथे मात्र चर्चच्या अंगणात एक चौरंग मांडायचे, शेजारी पाण्याचं घंगाळ ठेवायचे आणि गावकरी एकमेकांचे पाय धुवायचे. ज्याने धुतले त्याने मग स्वतः चौरंगावर बसायचं, आणि तिसऱ्याने त्याचे पाय धुवायचे. असं करत करत सगळं गाव वाकायचं आणि सगळं गाव बसायचं.

इनास मोठा झाल्यावर ही रीत हळूहळू बदलली. तो धुवायला वाकला की उठायचाच नाही. एकामागून एक सगळ्यांचे पाय धुवायचा, टाचांच्या भेगांतली माती अंगठ्याने काढायचा, पंच्याने टिपायचा. बसायची वेळ आली की म्हणायचा, "माझं राहू द्या." आधी म्हाताऱ्यांनी वाकायचं सोडलं, मग तरुणांनी. इतक्या मायेने तो धुतोय तर आपण मध्ये कशाला पडा? शेवटी असं झालं की गाव फक्त बसायचं आणि एकटा इनास वाकायचा. याला गाव भक्ती म्हणत होतं.

एका वर्षी ईस्टरआधीच्या उपासकाळात गावात नवे फादर आले. त्यांना प्रश्न विचारायची खोड होती. ते घरोघरी आशीर्वाद द्यायला गेले, तेव्हा प्रत्येक घरात त्यांना इनासदादाची गोष्ट ऐकायला मिळाली. फादर ऐकून घ्यायचे आणि विचारायचे, "इनासदादा तुमच्याकडे जेवला कधी?"

लोक हसायचे. "दादा कुणाकडे जेवत नाही, फादर."

"मग त्याला आवडतं काय?"

ते कुणालाच सांगता येईना. ज्याने सगळ्या गावाची छपरं शाकारली, त्याला वाल आवडतात की चवळी, हे गावात कुणाला ठाऊक नव्हतं.

"आणि गुरुवारी त्याचे पाय कोण धुतं?"

या प्रश्नाने तर गावात खळबळ उडाली. विहिरीवर दुसरा विषयच उरला नाही. इनास बारा महिने जाड कातडी जोडे घालायचा. त्याचे पाय कुणी पाहिले होते?

"सहा बोटं असणार," एक पाणक्या म्हणाला.

"सहा बोटं असती तर त्याच्या आईने बारशालाच गावभर दाखवली असती," आगाथा म्हातारी म्हणाली. "तिला कौतुकाची हौस होती. मला वाटतं, लहानपणी काहीतरी चावलंय."

"काय चावलं?"

"ते पायच सांगतील. मी काय त्यांच्याशी बोललेय?"

एकच घर असं होतं जिथे फादरांच्या प्रश्नाला कुणी हसलं नाही. ते कत्रीनचं घर, इनासच्या धाकट्या बहिणीचं. नवरा गेल्यापासून ती आणि तिची मुलगी दोघीच राहत. छप्पर इनासने घातलेलं, कणगीतला भात इनासने भरलेला, परड्यातली भेंडीसुद्धा त्याच्याच बियाण्याची. ईस्टरनंतर मुलीचं लग्न ठरलं होतं. मांडवाचे बांबू आणि लग्नाचे तांदूळ इनासने आधीच आणून टाकले होते.

"तुमचं भाग्य, असा भाऊ मिळाला," फादर म्हणाले.

कत्रीन सूप खाली ठेवून म्हणाली, "फादर, तो मला भीक घालतो. मायेने घालतो, पण भीकच."

ती पुढे म्हणाली, "मी त्याला चार अंडी दिली की तो कोंबडी पाठवतो. आता मी अंडी देणंच सोडलंय, कोंबड्या ठेवायला जागा नाही. आमच्यात लग्नाआधी मामाला घरी बोलावून जेवू घालतात. पहिलं ताट त्याचं. मी आमंत्रण द्यायला गेले तर म्हणतो, कशाला खर्च, मला काय लागतं. मुलगी रडली, फादर. मामा आपल्या हातचं खात नाही म्हणजे आपण कोण?"

"मग?"

"मग काही नाही. दिराला निरोप धाडलाय. दादा आमच्या ताटावर बसला तर लग्न या दारात. नाही बसला तर त्याचे बांबू, त्याचे तांदूळ त्याच्या अंगणात ठेवून शनिवारी मी आणि मुलगी सासरच्या गावी जाऊ. तिथे गरीब म्हणून राहू. इथे लाचार म्हणून राहणं आता होत नाही."

फादर तिथून थेट इनासच्या वाडीत गेले. इनासने त्यांना बघताच केळीचा घड उतरवला. फादरांनी तो घेतला, आणि खिशातून एक लिंबू काढून पुढे केलं. "वाटेत एका घरी मिळालं. घ्या."

"मला कशाला? तुम्हालाच राहू द्या."

"मी घड घेतला ना, दादा?"

"त्याची गोष्ट वेगळी. मला काही लागत नाही."

"प्रभूला लागत होतं," फादर म्हणाले. "तहान लागली तेव्हा विहिरीवरच्या एका परक्या बाईकडे त्याने पाणी मागितलं. तिच्या लोकांशी त्याच्या लोकांचं उठणंबसणंही नव्हतं. तरी मागितलं. तुम्ही बहिणीकडे कधी मागितलंत?"

इनासच्या कपाळाला आठी पडली. "मी देतो ते चुकतं का?"

"देणं चुकत नाही. पण नेहमी देणाराच वर राहतो, मग तो कितीही वाकला तरी. बहीण शनिवारी गाव सोडतेय, तुम्हाला माहीत आहे?"

"तिला राग येतो आणि जातो. मी तिच्यासाठी काय कमी केलं?"

फादरांनी बांधावर ठेवलेलं लिंबू तसंच राहिलं.

पवित्र गुरुवार उजाडला. दुपार कलल्यावर सगळं गाव अंगणात जमलं. चौरंग मांडला, घंगाळ भरलं. इनासने बाह्या सारल्या आणि वाकला. नेहमीसारखंच एकामागून एक सगळे बसले. फादरही बसले, त्यांचेही पाय त्याने धुतले. शेवटचे पाय धुऊन त्याने पंचा पिळला, आणि तो सरळ होतो तोच कत्रीन पुढे आली. तिने त्याच्या हातातला पंचा काढून घेतला.

"दादा, बस."

अंगणात माणसांनी माना उंचावल्या. आगाथा म्हातारी तर चांगली जागा मिळावी म्हणून दोघांना कोपराने ढकलून पुढे झाली.

"माझं राहू दे," इनास म्हणाला.

"का राहू दे? माझे पाय तू आत्ता धुतलेस. माझे हात काय वाईट आहेत?"

"तसं नाही ग. मी चाकर माणूस."

"चाकर सांगितलेलं ऐकतो. मी सांगतेय, बस."

कुणीतरी मागून हसलं. इनासचा चेहरा तांबडा झाला. त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं, सगळं गाव आपल्याकडे वरून बघतंय. त्याने जोडे घट्ट केले, घंगाळाला वळसा घातला आणि तो फाटकातून बाहेर निघून गेला. काही जण त्याही वेळी म्हणाले, "बघा, किती संकोची माणूस." कौतुकाची सवय लागली की डोळ्यांदेखत घडलेलंही दिसत नाही.

फादर मात्र हळूच कत्रीनला म्हणाले, "प्रभूने पाय धुतले त्या रात्रीही एका शिष्याने पाय मागे घेतले होते. तो घरी गेला नाही, एवढाच फरक."

शुक्रवारी सकाळी बांबू आणि तांदूळ इनासच्या अंगणात येऊन पडले. इनासने दार उघडलं, बघितलं आणि बंद केलं. दिवसभर तो क्रुसाच्या उपासनेला गुडघे टेकून होता, पण त्याच्या मनात प्रार्थना येईना. राग येत होता. त्याला राग येत नाही, असं गाव म्हणायचं, आणि तोही तसंच समजत होता. आपण इतकी वर्षं वाकत होतो, मग एकदा बसायला सांगितलं तर एवढं का लागलं? हा प्रश्न त्याने परतवून लावला. तो पुन्हा आला. चाकराचा अपमान होतो कुठे? अपमान मालकाचा होतो. मग आपण इतके दिवस होतो कोण?

शनिवारी कत्रीनच्या दारात दिराची गाडी उभी होती. पेटी चढली, घोंगड्या चढल्या. ती चूल विझवून राख भरत होती, तेव्हा ओट्यावर सावली पडली. इनास उभा होता. त्याच्या हातात काही नव्हतं. हातात काही नसताना बहिणीच्या दारात कसं उभं राहायचं, हे त्याला कळत नव्हतं. त्याने हात आधी मागे बांधले, मग पुढे घेतले.

"काय आणलंस?" कत्रीनने न बघता विचारलं.

"काही नाही."

"मग कशाला आलास?"

गाडीचा बैल शेपटी हलवत होता. दीर दुसरीकडे बघायचं नाटक करत होता.

"भूक लागलीय," इनास म्हणाला.

कत्रीनचा हात राखेत थांबला. "चूल विझवलीय. पेटवावी लागेल. वेळ लागेल."

"थांबतो."

"लाकडंसुद्धा ओली आहेत."

"मी फोडून देतो," इनास पटकन म्हणाला आणि कुऱ्हाडीकडे वळला.

"दादा."

तो थांबला.

"बस."

तो ओट्यावर बसला. लाकडं भाचीने आणली. ओट्यावर रिकामा बसलेला इनास बघायला कुंपणापाशी शेजारी जमले. कत्रीनने आतून तांब्या आणला, त्याच्यासमोर खाली बसली आणि त्याचे जोडे ओढून काढले. तो डोळे मिटून होता. तिने पाणी घातलं, बोटांमधली माती काढली, आपल्या पदराने पाय पुसले. कुंपणावरून वाकलेल्या आगाथा म्हातारीने नीट निरखून बघितलं आणि निराश होऊन म्हणाली, "आपल्यासारखेच तर आहेत."

आत पाट मांडला. तांदळाच्या भाकऱ्या आणि वालाचं बिरडं. इनासने पहिला घास घेतला.

"मीठ जरा जास्त झालंय," तो म्हणाला.

"मग पाणी पी," कत्रीन म्हणाली. तिने तांब्या पुढे सरकवला आणि ती हसली. या भावाने आपल्या स्वयंपाकाला नावं ठेवावीत, याची ती किती वर्षं वाट बघत होती, ते तिलाच आत्ता कळलं.

इनासने ताट पुसून खाल्लं. ताटाशी बसून त्याने टोपलीकडे बघितलं. टोपलीत एकच भाकरी उरली होती. ती मुलीसाठी होती, हे त्याला दिसत होतं. जुना इनास असता तर पोट भरल्याचं सांगून उठला असता आणि संध्याकाळी पिठाचं पोतं पाठवलं असतं.

भाचीने भाकरीचे दोन तुकडे केले. त्यातला मोठा मामाच्या ताटात वाढला आणि विचारलं, "अजून कालवण?"

"वाढ," इनास म्हणाला.

बाहेर दिराने कुणाला न विचारता गाडीतली पेटी खाली उतरवायला घेतली.

तात्पर्य सांगायचं तर इतकंच: वाकून पाय धुणाऱ्याचं कौतुक करायला जग तयार असतं, म्हणून ते सोपं आहे. जो गरिबाच्या हातून घेऊ शकत नाही, त्याची नम्रता हा गर्वाचाच एक प्रकार आहे. प्रभूपुढे नम्र व्हायचं असेल, तर आधी ज्याला आपण आजवर फक्त देत आलो, त्याच्या दारात रिकाम्या हाताने जावं.